विमानाला जवळ, माणसाला लांब



आज एक साधा प्रश्न घेऊन आलो आहे. दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि जेवरला उभा राहिलेला नोएडा आंतरराष्ट्रीय विमानतळ, या दोघांमध्ये अंतर किती?

हा प्रश्न तीन जणांना विचारा. नकाशावर पट्टी ठेवणारा म्हणेल, ६६ किलोमीटर. वर्तमानपत्र वाचणारा म्हणेल, ७२. टॅक्सीवाला म्हणेल, नव्वद धरा, आणि लगेच उलट विचारेल, "किती वाजता निघायचंय?"

तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही. मात्र प्रवाशाच्या खऱ्या उपयोगाचा आहे तो टॅक्सीवाल्याचा प्रश्न. तो तसा का आहे, हे आज सांगणार आहे.

मी भूगोलाचा शिक्षक. निवृत्त होईपर्यंत मुलांना अक्षांश-रेखांश शिकवले आणि गेली बावीस वर्षं नोएडात राहतो. आमच्याकडे महाराष्ट्रातून पाहुणे येत असतात. कोणी एम्समध्ये उपचारासाठी, कोणी परीक्षेला, कोणी इथून पुढे परदेशी जायला. पूर्वी त्यांना एकच प्रश्न असायचा, विमान किती वाजता उतरतं? आता त्याच्या आधी दुसरा विचारावा लागतो, विमान उतरतं कुठे? दिल्लीच्या परिसरात पालम आहे, गाझियाबादजवळ हिंडन आहे आणि आता जेवरही. जानेवारी २०२६ पर्यंत जेवरहून प्रवासी विमानं सुटलेली नव्हती. पहिली मुदत सप्टेंबर २०२४ ची होती, ती पुढे सरकत गेली. पण अशा विमानतळामुळे हा प्रश्न लाखो लोकांचा होतो.

हा विषय फक्त दिल्लीकरांचा आहे असंही समजू नका. मुंबईला नवी मुंबईचा जोडीदार मिळाला आहे. गोव्यात दाभोळी आणि मोपा आहेत, मोपाच्या वर सिंधुदुर्गात चिपी आहे. मराठी माणूस कुठेही राहत असला तरी या जोड्यांपैकी एखादी त्याच्या वाट्याला येणारच.

आधी अंतर मोजू या. हे कोणालाही घरी करता येतं.

प्रत्येक विमानतळाला अक्षांश-रेखांश असतात. पालम साधारण २८ अंश ३४ मिनिटं उत्तर आणि ७७ अंश ६ मिनिटं पूर्व. जेवर साधारण २८ अंश १० मिनिटं उत्तर आणि ७७ अंश ३६ मिनिटं पूर्व. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक २४ मिनिटांचा आणि पूर्व-पश्चिम फरक ३० मिनिटांचा.

इथली मिनिटं घड्याळातली नव्हेत, अंशाचा साठावा भाग. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजं आणि विमानं आजही सागरी मैल वापरतात ती याच सोयीसाठी, नकाशाच्या कडेवरच मोजपट्टी मिळते. तर २४ मिनिटं म्हणजे सुमारे ४४ किलोमीटर.

रेखांशाचं मिनिट मात्र सगळीकडे सारखं नसतं. संत्र्याच्या फोडी जशा टोकांकडे निमुळत्या होतात, तशा रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटरचा, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ चा आणि दिल्लीला सुमारे ९८ चा. म्हणून जेवरची ती ३० मिनिटं म्हणजे ४९ किलोमीटर. एक बाजू ४४, दुसरी ४९, आता शाळेतला पायथागोरस लावा. कर्ण येतो ६६.

मग ७२ चा आकडा कुठून आला? असे आकडे कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजले, त्यावर बदलतात. विमानतळाचा आरंभबिंदू धावपट्टीच्या मध्याजवळ धरला की एक उत्तर, टर्मिनलच्या दारात धरला की दुसरं. पालमचं तर टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ हेच एकमेकांपासून इतके लांब आहेत की चालत जायचा विचार कोणी करत नाही. टर्मिनल १ मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर आहे आणि टर्मिनल ३ एअरपोर्ट एक्सप्रेस लाइनवर. विमानतळ एक, पण स्टेशनं दोन वेगळ्या मार्गांवरची.

याच रीतीने पालम ते हिंडन काढलं तर ते तीस किलोमीटरच्या आसपास येतं. दादर ते ठाणे हे अंतर याहून फार कमी नाही.

आता दुसरा प्रश्न. ६६ किलोमीटर विमानाला किती वेळ लागेल?

जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरने जातं. त्या हिशेबाने पाच मिनिटं. पण पाच मिनिटांत विमान जाऊ शकत नाही, कारण त्याला आधी चढायचं असतं आणि मग उतरायचं असतं. वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे, दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल लागतात. ३५ हजार फुटांवर असलेलं विमान म्हणजे १०५ सागरी मैल, जवळजवळ १९५ किलोमीटर आधी उतरायला लागतं. मुंबईहून दिल्लीला येणारं विमान जयपूर मागे पडतं न पडतं तोच खाली येऊ लागलेलं असतं. तेव्हा ६६ किलोमीटरच्या प्रवासात उंची गाठायलाच जागा नाही.

मुंबई–पुणे हे उदाहरण आपल्या ओळखीचं. सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर. भागाकार केला तर नऊ-दहा मिनिटांचं उड्डाण. या मार्गावर विमानं चालली तेव्हा तिकिटावर मात्र पाऊण ते एक तास असायचा. जमिनीवर रांगेत थांबणं, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून उडणं, वळून मार्गाला लागणं, पुन्हा उतरणाऱ्यांच्या रांगेत येणं, या सगळ्याला वेळ लागतो. फार जवळच्या उड्डाणांत विमान सरळ रेषेपेक्षा वळणंच जास्त घेतं.

जगात याहून छोटी उड्डाणं आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे नियमित उड्डाण तीन किलोमीटरपेक्षा कमी अंतराचं आहे आणि दोन मिनिटांच्या आत संपतं. पण तिथे मध्ये समुद्र आहे आणि विमान अगदी लहान आहे. पालम ते जेवर असं विमान कोणी चालवणार नाही. हे अंतर माणसाला रस्त्यानेच किंवा रुळांवरूनच कापायचं आहे.

आता गंमत पाहा. जे अंतर कोणी विमानाने कापणारच नाही, ते सरळ रेषेत मोजायचं तरी कशाला? त्याचं कारण आकाशात आहे.

उतरणारं विमान धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उताराने येतं. म्हणजे धावपट्टीपासून तीस किलोमीटरवर ते जमिनीपासून दीड किलोमीटरच उंच असतं. आता तिथेच दुसरा विमानतळ असेल आणि त्याची विमानं त्याच वेळी वर चढत असतील तर? दोन्हीकडच्या नियंत्रकांना एकच आकाश वाटून घ्यावं लागतं. त्यात हिंडन हा भारतीय हवाई दलाचा तळ, त्यांच्या विमानांची गरज वेगळी. विमानासाठी तीस किलोमीटर म्हणजे शेजारच्या भिंतीला भिंत.

शिवाय प्रश्न धंद्याचा असतो. विमानतळ बांधायला हजारो कोटी लागतात. शेजारीच दुसरा उघडला तर पहिल्याचे प्रवासी जातात. म्हणून केंद्र सरकारच्या २००८ च्या धोरणात असं ठरलं की चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या परिघात नवीन विमानतळ सहसा होऊ नये. व्हायचाच असेल तर ते प्रकरण स्वतंत्रपणे वरच्या पातळीवर तपासलं जावं. जेवरची कल्पना त्या धोरणाहूनही जुनी. राजनाथ सिंह उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री असताना, २००१ मध्ये, ताज आंतरराष्ट्रीय विमानतळ या नावाने ती पुढे आली. पुढे बरीच वर्षं ती कागदावर राहिली. २०१९ मध्ये निविदा निघाली, झ्युरिक विमानतळाच्या कंपनीने दर प्रवाशामागे ४०० रुपये ९७ पैसे देऊ करून ती जिंकली. २५ नोव्हेंबर २०२१ ला पायाभरणी झाली. पहिल्या टप्प्यालाच तेराशे हेक्टरांहून जास्त जमीन लागली. रोही, रनहेरा, किशोरपूर, दयानतपूर अशा गावांची शेती आणि घरं त्यात गेली. एवढी सलग जमीन दिल्लीला चिकटून कुठे मिळणार? विमानतळ लांब जातो तो यासाठी.

म्हणजे परिस्थिती अशी आहे. धोरणाच्या नजरेने हे विमानतळ एकमेकांच्या फार जवळ आहेत, कारण १५० च्या आत आहेत. हातात दोन बॅगा घेऊन एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसासाठी ते फार लांब आहेत. एकच अंतर आणि निवाडे दोन. सरकारी कागदावर पहिला निवाडा लिहिलेला असतो, दुसरा कोणी लिहीत नाही. तो प्रवाशाच्या वाट्याला येतो.

आता जमिनीवर उतरू.

पालमपासून जेवरकडे सरळ रेघ ओढा. ती दक्षिण दिल्लीवरून जाते, हरियाणातल्या फरिदाबादवरून जाते, यमुना ओलांडते आणि उत्तर प्रदेशात गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात शिरते. तीन राज्यं आणि एक नदी. रस्त्याला नदी कुठेही ओलांडता येत नाही, पूल असेल तिथेच जावं लागतं. म्हणून बहुतेक गाड्या आधी पूर्वेला जाऊन यमुना पार करतात, मग नोएडा–ग्रेटर नोएडा एक्सप्रेसवे आणि पुढे यमुना एक्सप्रेसवे धरतात. हा यमुना एक्सप्रेसवे ग्रेटर नोएडा ते आग्रा असा १६५ किलोमीटरचा, २०१२ मध्ये खुला झाला. मार्ग कोणता घ्याल त्याप्रमाणे एकूण ऐंशी ते शंभर किलोमीटर होतात. फरिदाबादच्या बाजूने बल्लभगढ ते जेवर असा ३१ किलोमीटरचा नवा जोडरस्ता बांधला जातो आहे, तो झाला की वळसा कमी होईल.

रस्त्याच्या अंतराला सरळ अंतराने भागा. नव्वदला सहासष्टने भागलं तर १.३६ येतात. या आकड्याला मी मुलांना वळशाचा आकडा म्हणायला शिकवायचो. सपाट मुलखात तो १.२ ते १.४ च्या दरम्यान असतो. मध्ये नदी, खाडी, डोंगर आला की वाढतो.

दाभोळी ते मोपा घ्या. सरळ रेषेत चाळीस किलोमीटर. रस्त्याने साठच्या पुढे, म्हणजे वळशाचा आकडा दीडच्या वर. कारण मध्ये झुआरी, मांडवी आणि कोलवाळजवळ शापोरा अशा तीन नद्या आहेत. मुंबई आणि नवी मुंबईचे विमानतळ सरळ रेषेत चोवीस-पंचवीस किलोमीटर, रस्त्याने पस्तीस-चाळीस. मध्ये ठाण्याची खाडी. तिकडे अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये झाला, पण तो शिवडीहून निघतो. अंधेरी-सांताक्रूझच्या माणसाला आधी शिवडी गाठावी लागते, मग सेतूचा फायदा.

इथपर्यंत आपण किलोमीटर मोजले. पण विमान चुकतं ते किलोमीटरमुळे चुकत नाही, वेळेमुळे चुकतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो.

हिंडनला नागरी टर्मिनल २०१९ मध्ये झालं. पहिलं उड्डाण पिथौरागढला गेलं, नऊ आसनांच्या छोट्या विमानाने. पुढे मोठी विमानं येऊ लागली, २०२४ मध्ये नांदेडहून सेवा सुरू झाली आणि २०२५ मध्ये मुंबई, गोवा, बेंगळुरू, कोलकाता जोडले गेले. नांदेडच्या लोकांना हे वरदानच वाटलं आणि ते खरंही आहे. आधी हैदराबाद किंवा मुंबई गाठायला रात्र घालवावी लागायची.

२०२५ च्या जुलैत माझा मावसभाऊ आणि त्याची बायको नांदेडहून हिंडनला उतरले. त्यांची मुलगी लंडनला, तिचे दिवस भरत आले होते. पुढचं विमान पालमच्या टर्मिनल ३ वरून. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, दोन वेगळ्या कंपन्यांची. मध्ये साडेचार तास होते. मी त्यांना घ्यायला हिंडनला गेलो होतो. गाडीत बसता बसता भाऊ म्हणाला, "दादा, किती लांब आहे ते दुसरं विमानतळ?" मी म्हटलं, "चाळीसेक किलोमीटर." तो हसून म्हणाला, "मग काय, नांदेडहून अर्धापूर-वसमत करून यायचं."

हिशेब बघा. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं काउंटर तासभर आधी बंद होतं, ते ६० वजा केले, उरले २१०. सामान येऊन बाहेर पडायला ४० गेले, उरले १७०. फोनवरचा नकाशा सव्वा तास दाखवत होता, म्हणजे ७५. हातात ९५ मिनिटं शिल्लक. कोणीही म्हणेल, भरपूर वेळ आहे.

पण ते दिवस कांवड यात्रेचे होते. हरिद्वारहून गंगाजळ खांद्यावर घेऊन लाखो लोक चालत येतात आणि गाझियाबाद, मेरठ, दिल्लीच्या सीमेवरचे कितीतरी रस्ते वळवले जातात. आपल्याकडच्या माणसाला याचा अंदाज येत नाही, त्याला एक कारण आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. २०२५ मध्ये त्यांचा ११ जुलैला लागला, आपला २५ जुलैला. नांदेडच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात आषाढ चालू होता आणि इथे रस्त्यावर श्रावण.

वळसा पडला, वर पाऊस आला. रस्त्याला १९० मिनिटं लागली. आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झाली होती.

तिथल्या मुलीने शांतपणे समजावलं. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असती तर पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी होती. तिकिटं वेगळी आहेत, तेव्हा मधला प्रवास तुमचा तुम्ही करायचा. नियमाने तिचं काही चुकलं नव्हतं. चालकाचं चुकलं नव्हतं. यात्रेकरूंचं तर नाहीच. पण दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाला मूळ तिकिटापेक्षा जास्त पैसे गेले आणि आई पोचली तेव्हा बाळ एका दिवसाचं झालेलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होते, एवढं समाधान.

कोणी विचारेल, मेट्रोने का गेला नाहीत? विचार केला होता. हिंडनच्या टर्मिनलच्या दारात मेट्रो नाही. आधी रिक्षा करून रेड लाइन गाठायची, काश्मिरी गेटला यलो लाइन, नवी दिल्लीला एअरपोर्ट एक्सप्रेस. तीन गाड्या, दोन बदल, जिने, आणि परदेशी जाणाऱ्या दोन माणसांच्या चार मोठ्या बॅगा. त्यांतली एक तर नुसती डिंकाच्या लाडवांची आणि बाळंतविड्याची. हलक्या पाठपिशवीवाल्या तरुणाला मी मेट्रोच सांगेन. साठीच्या जोडप्याला सांगताना विचार करेन.

तर या गोष्टीतून माझं म्हणणं असं. दोन विमानतळांमधलं अंतर सांगताना वाईट दिवसाचा वेळ सांगायला हवा. सरासरी वेळ उपयोगाचा नाही. सरासरी सव्वा तास आहे, याने ज्याचं विमान गेलं त्याचं काही भागत नाही. दिल्लीत वाईट दिवस आधीच ठाऊक असतात. डिसेंबर-जानेवारीचं धुकं, जुलैतली कांवड यात्रा, २६ जानेवारीच्या आधीच्या तालमी, दिवाळीच्या आधीचे चार दिवस, पहिला मोठा पाऊस. या दिवसांत नकाशावरचा वेळ दुप्पट करा, आणि तोही कमी पडू शकतो असं धरून चाला.

हे संकट आपल्यालाच आलंय असं नाही. जगात हे आधी घडून गेलं आहे आणि त्यातून शिकण्यासारखं आहे.

लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक सरळ रेषेत चाळीस किलोमीटर. १९७८ मध्ये तिथे दोघांना जोडणारी हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली, एअरलिंक नावाची. पंधरा मिनिटांत प्रवासी इकडून तिकडे. खालच्या गावांना आवाजाचा त्रास व्हायचा, तक्रारी व्हायच्या. १९८६ मध्ये लंडनभोवतीचा एम-२५ हा वर्तुळाकार रस्ता पूर्ण झाला आणि त्याच वर्षी ती सेवा बंद झाली. रस्ता होईपर्यंत हवेतून, रस्ता झाल्यावर बसने. दोन विमानतळांना जोडणं ही आपली जबाबदारी आहे, हे तिथे आधीपासून मानलं गेलं होतं.

टोकियोचे हानेदा आणि नारिता सुमारे साठ किलोमीटर अंतरावर, म्हणजे जवळपास पालम-जेवरइतकेच. १९७८ मध्ये नारिता उघडला. आज तिथे एका विमानतळावरून दुसऱ्यावर थेट बस आहे, न बदलता जाणारी रेल्वेही आहे. सव्वा-दीड तास लागतो, कमी नाही. पण तो वेळ छापील आहे आणि त्यावर विसंबता येतं.

तिसरं उदाहरण कॅनडातलं. माँट्रियलला डोरव्हाल हा जुना विमानतळ होता. १९७५ मध्ये शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर मिराबेल नावाचा प्रचंड विमानतळ उघडला. आंतरराष्ट्रीय विमानं मिराबेलला, देशातली डोरव्हालला. ठरलेली रेल्वे आली नाही, ठरलेला महामार्ग पुरा झाला नाही. प्रवाशाला विमान बदलायचं तर सामानासकट रस्त्याने जावं लागे. लोकांनी विमान बदलण्यासाठी दुसरी शहरं निवडायला सुरुवात केली. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं डोरव्हालला परत जाऊ दिली गेली आणि २००४ मध्ये मिराबेलहून शेवटचं प्रवासी विमान उडालं. पुढे ती टर्मिनलची इमारतही पाडली. धावपट्ट्या उत्तम होत्या, जमीन अमाप होती. कमी पडला तो मधला रस्ता.

म्हणून जेवरबद्दल बोलताना धावपट्टी किती लांबीची, टर्मिनल किती सुंदर, एवढ्यावर थांबू नका. पालमहून जेवरला दर अर्ध्या तासाने सुटणारी, सामान ठेवायला जागा असलेली बस आहे का? तिचा वेळ छापलेला आहे का? तीन राज्यांच्या हद्दीत तिला कोणी अडवणार नाही ना? सामान एका विमानतळावर देऊन दुसऱ्यावर घेता येईल का? हेच प्रश्न हिंडनसाठी, हेच नवी मुंबईसाठी, हेच मोपासाठी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी १९८५ पासून कायद्याने नेमलेलं एक नियोजन मंडळ आहे, ते याचसाठी की दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश यांच्या सीमांनी माणसं अडू नयेत. या तीन विमानतळांना जोडणं यापेक्षा त्याच कामाचं दुसरं चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

ते होईपर्यंत आपण काय करायचं? चार गोष्टी सांगतो, लिहून ठेवा.

एक. तिकीट काढताना "दिल्ली" या शब्दावर जाऊ नका, तीन अक्षरी संकेत बघा. डीईएल म्हणजे पालम, एचडीओ म्हणजे हिंडन, डीएक्सएन म्हणजे जेवर. अनेक तिकीट-संकेतस्थळं जवळपासचे विमानतळ एकाच यादीत दाखवतात आणि स्वस्त भाडं वर येतं. त्या भाड्यात मधल्या टॅक्सीचे पैसे मिळवा, मग स्वस्त कोणतं ते ठरवा.

दोन. विमानतळ एकच असला तरी टर्मिनल बघा. आदल्या दिवशी पुन्हा बघा, ती बदलतात.

तीन. पुढे जायचं असेल तर शक्यतो दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर आणि एकाच विमानतळावरून घ्या. चार पैसे जास्त जातील, पण मध्ये काही बिघडलं तर जबाबदार कोणीतरी असेल.

चार. विमानतळ बदलावाच लागणार असेल आणि पुढचं विमान आंतरराष्ट्रीय असेल, तर मध्ये एक रात्र ठेवा. दिल्लीत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे उतरा. संकोच करू नका. आम्हा दिल्लीकर मराठी लोकांना पाहुणा आला की भाकरी थापायला निमित्त मिळतं.

शेवटी एक जुनी गोष्ट. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक कोस मिनार आहे, फरिदाबाद आणि पलवलकडेही काही उभे आहेत. मुघलांच्या काळात राजमार्गावर साधारण तीन-तीन किलोमीटरवर असे विटांचे मनोरे बांधले. ते नुसते अंतर दाखवत नव्हते. वाट बरोबर आहे हे ते सांगायचे आणि मार्गावर पुढे विहिरी आणि सराया असत. त्या काळच्या रस्ते बांधणाऱ्यांना हे कळलं होतं की कोस मोजून दिले म्हणजे काम संपत नाही, त्या कोसांवरून जाणाऱ्या माणसाची सोय करावी लागते.

पालमपासून जेवर ६६ किलोमीटर आहे. ते कमी होणार नाही. कमी करता येईल तो त्यातला त्रास, आणि त्यासाठी आपण विचारत राहिलं पाहिजे. तुमच्या गावाजवळच्या विमानतळांच्या जोडीचं अंतर आज काढून बघा. सरळ रेषेतलं काढा, रस्त्याचं काढा, आणि ओळखीच्या एखाद्या टॅक्सीवाल्याला वाईट दिवशी किती वेळ लागतो तेही विचारा. तिन्ही आकडे खाली प्रतिक्रियेत लिहा. मी वाचतो, उत्तरही देतो.